नारळाची ऊर्जा नेमकी असते कुठे? माडापासून देवयानीपर्यंतचा हिशेब

फिजिक्समध्ये सगळ्यात लवकर पाठ होणारा फॉर्म्युला म्हणजे एम जी एच. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, झाली स्थितिज ऊर्जा, चला पुढचं गणित. पण दहावीतल्या कुठल्याही हुशार पोराला विचारून बघा की बाबा रे, ही ऊर्जा आहे कुठे, नारळाच्या आत आहे की हवेत की जमिनीत, तर तो थांबतो, आणि त्याचं थांबणं बरोबरच आहे, कारण हा प्रश्न धरून चालत राहिलं की माणूस थेट विश्वाच्या हिशेबापर्यंत जाऊन पोचतो. मला हा प्रवास फार आवडतो म्हणून तो इथे सोप्या भाषेत लिहितोय.

सुरुवात माडापासूनच करू, गोव्यात दुसरीकडून कुठून करणार. समजा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढलाय, पंधरा मीटरवर, कोयत्याचा घाव बसला आणि एक किलोचा नारळ सुटला. एक गुणिले ९.८ गुणिले १५, म्हणजे १४७ ज्यूल. खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो, म्हणून तर पाडेली वर असताना कोणी माडाखाली फिरकत नाही. आता त्याच माडाच्या बुडाशी आठ मीटर खोल विहीर आहे असं धरा आणि नारळ नेमका विहिरीत गेला. मग उंची तेवीस मीटर, ऊर्जा २२५ ज्यूल. नारळ तोच, देठ तोच, वर लटकलेला असताना त्याच्यात कणभरही बदल झालेला नाही, तरी आकडा बदलला. का, तर आपण शून्य कुठे धरलं ते बदललं.

म्हणजे पहिली गोष्ट ही की नुसत्या एका जागेची ऊर्जा अशी काही नसतेच, असतो तो दोन जागांमधला फरक. आणि दुसरी गोष्ट, ती ऊर्जा एकट्या नारळाची पण नाही. ती नारळ आणि पृथ्वी या जोडीची आहे. नारळ पृथ्वीकडे पडतो तशी पृथ्वीही नारळाकडे पडते, फक्त ती इतकी जड की तिचं सरकणं मोजता येत नाही. हे नाव, पोटेन्शियल एनर्जी, रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने १८५३ साली रूढ केलं. नाव चांगलंच आहे पण त्यामुळे एक सवय लागून गेली, वस्तूच्या पोटात काहीतरी साठवलेलं आहे असं समजायची.

फरकच कसा काम करतो ते बघायचं असेल तर दिवाडी किंवा चोडण या मांडवीतल्या बेटांवर जाऊन खाजन शेतीचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचं, मानस बघा. बांधात बसवलेलं लाकडी दार, वरच्या बाजूला अडकवलेलं, खालून मोकळं, आत-बाहेर हलणारं. भरतीला मांडवीचं खारं पाणी बाहेरून वर चढतं आणि दाराला दाबून बंद करतं, शेतात पाणी शिरत नाही. ओहोटीला नदी खाली जाते, आतलं पाणी उंच राहतं, आणि आता तेच पाणी दार ढकलून बाहेर पडायला लागतं, आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासळी येते. मोटर नाही, वीज नाही, रात्री कोणी उठून दार उघडत नाही. हात-दोन हात पातळीचा फरक, बास. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की दार लोंबकळत राहतं, मग ते पाणी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे याला काही अर्थ उरत नाही.

आणि ही भरती येते कशाने, तर तीही फरकानेच. इथे एक फार सुंदर गोष्ट आहे जी शाळेत घाईघाईत निघून जाते. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोरात ओढतो. तरी भरती-ओहोटीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण सूर्य सगळ्यालाच ओढतो, मिरामारच्या पाण्यालाही, खालच्या वाळूलाही, आपल्यालाही, आणि आपण सगळे मिळून सूर्याभोवती एकत्र पडत असतो. एकत्र पडणाऱ्यांना ओढ जाणवत नाही. जाणवतो तो फक्त पृथ्वीच्या या बाजूच्या आणि त्या बाजूच्या ओढीतला फरक, आणि तो फरक अंतराच्या घनाप्रमाणे कमी होत जातो, म्हणून जवळचा छोटा चंद्र लांबच्या अवाढव्य सूर्याला मागे टाकतो.

हे डोक्यात ठेवून समुद्राकडेच जरा बघू. समुद्राचा पृष्ठभाग सपाट असतो असं आपण म्हणतो, पण तो सपाट म्हणजे काय, तर सगळीकडे सारखं पोटेन्शियल, म्हणजे किलोमागची स्थितिज ऊर्जा, असलेला पृष्ठभाग. गुळगुळीत लंबगोल पृथ्वी कल्पून तिच्यापासून मोजलं तर आपल्या हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, समुद्र तब्बल १०६ मीटर खाली आहे, अख्ख्या जगातला सगळ्यात मोठा खळगा तो हाच. व्हेनिंग माइनेझ या डच शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये जहाजावरून गुरुत्वाकर्षण मोजताना तो शोधला आणि २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं, की खाली प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, गरम, हलका खडक वर आलेला आहे. मुरगावहून जहाज तिकडे निघालं तर ते या मापाने कित्येक मीटर खाली उतरतं, पण घसरत नाही, पाणी तिकडे वाहून जात नाही, कॅप्टनला काही कळतही नाही. मापाने खोल आहे पण ऊर्जेच्या दृष्टीने लेव्हल सारखीच. उंची आणि पोटेन्शियल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला याच्याइतकं चांगलं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता नारळाला वर न्यायला लागू. हिशेब डोळ्यासमोर राहावा म्हणून पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजू, एक लिटर म्हणजे साधारण ३.३ कोटी ज्यूल. एक किलोचा नारळ पृथ्वीच्या ओढीतून पूर्ण सोडवायचा, परत कधी पडणार नाही इतका लांब न्यायचा, तर लागतात सव्वासहा कोटी ज्यूल. दोन लिटरपण नाही! रॉकेटला एवढं इंधन लागतं ते इंधनच वर उचलायला लागतं म्हणून, नारळाचा स्वतःचा खर्च एवढासाच. पण पृथ्वीपासून सुटला तरी तो सूर्याच्या ताब्यात आहे. पृथ्वी जिथे आहे तिथून सूर्याच्या ओढीतून सोडवायला अजून सत्तावीस लिटर. सुटला का? नाही, आता तो आकाशगंगेच्या ताब्यात आहे. आपण तिच्या केंद्रापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षांवर, इथून निसटायला सेकंदाला साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे किलोमागे साडेचार हजार लिटर.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात आली का? जितकं लांबचं तितकं महाग. पृथ्वी पायाखाली आहे, तिची ओढ सतत जाणवते, गुडघे दुखतात तेही तिच्यामुळेच, आणि तिचा हिशेब सगळ्यात छोटा. आकाशगंगेची ओढ आयुष्यात कधी जाणवत नाही आणि तिचा हिशेब हजारो लिटरचा. कारण तेच, भरतीचं. तिच्याभोवती आपण, सूर्य, सगळे एकत्र पडतोय.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. आकाशगंगेच्या बाहेर तिच्यासारख्याच अजून दीर्घिका आहेत, त्यांचे समूह, समूहांचे महासमूह. सगळं जोडत गेलं तर आकडा किती होईल? अख्ख्या विश्वाच्या संदर्भात माझ्या या नारळाची स्थितिज ऊर्जा किती?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याने भल्याभल्यांना अडवलंय. न्यूटनला रिचर्ड बेंटली या धर्मगुरूने १६९२ मध्ये पत्रातून साधारण हेच विचारलं, की तारे एकमेकांना ओढतात तर सगळे एका जागी जमा का होत नाहीत, आणि न्यूटनने उत्तर दिलं ते असं, की तारे अनंत अवकाशभर पसरलेले असले तर त्यांना जमा व्हायला एक मधली जागाच नाही, पण असा तोल टिकणं म्हणजे अगणित सुया टोकावर उभ्या करण्यासारखं अवघड. पुढे १८९५ मध्ये झेलिगर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने गणितच करून दाखवलं की अनंत, सारखं भरलेलं विश्व घेतलं तर न्यूटनच्या नियमाने पोटेन्शियलची बेरीज थांबतच नाही, अनंत येते. लांबच्या वस्तूंचा या बेरजेतला वाटा कमी होतो खरा पण त्यांची संख्या त्याहून जोरात वाढते.

आता आपल्याला माहितीये की विश्वाला वय आहे, साधारण १३.८ अब्ज वर्षं, त्यामुळे प्रकाशाच्या वेगाने जिथून परिणाम पोचू शकतो तेवढ्याचीच बेरीज करायची. ती केली की एक अंगावर काटा आणणारा आकडा येतो. दिसणाऱ्या विश्वातलं सगळं द्रव्य, न दिसणारं कृष्णद्रव्य (डार्क मॅटर) धरून, घ्या, त्याला गुरुत्व स्थिरांकाने गुणा, विश्वाच्या त्रिज्येने भागा, तर उत्तर प्रकाशवेगाच्या वर्गाच्या आसपास येतं. म्हणजे एक किलो नारळाची विश्वाशी असलेली स्थितिज ऊर्जा ही साधारण एम सी स्क्वेअर, त्या नारळाच्या स्वतःच्या वस्तुमानाइतकी. पेट्रोलमध्ये २७० कोटी लिटर. १९५३ साली डेनिस शियामा यांनी यावरून धाडसी कल्पना मांडली, की वस्तूला जडत्व असतं, म्हणजे ती ढकलायला जड जाते, ते मुळात बाकीच्या सगळ्या विश्वामुळेच. तुम्ही गाडीला धक्का मारताय आणि जे अडतंय ते अब्जावधी दीर्घिकांचं एकत्रित गुरुत्वाकर्षण!

मला ही कल्पना मनापासून आवडते, पण आवडते म्हणून ती सिद्ध झालेली नाही हेही सांगायला पाहिजे. तो आकडा जुळतो त्याचं एक साधं कारण आहे. आपलं विश्व भूमितीच्या दृष्टीने सपाट निघालंय, म्हणजे अवाढव्य त्रिकोण काढला तरी कोनांची बेरीज १८० अंशच, आणि सपाट विश्वाची घनता ठरलेली असते. ती घनता घेऊन, प्रसरणाच्या वेगावरून येणाऱ्या त्रिज्येपर्यंतचं गणित केलं की कागदावरच सी स्क्वेअरचा बरोबर अर्धा येतो, कुठल्याही दीर्घिकेकडे बघायची गरज नाही. म्हणजे योगायोग नाहीये पण जडत्वाचं रहस्यही त्यातून सुटत नाही, प्रश्न फक्त पुढे सरकतो की विश्व सपाट का. यातूनच दुसरी एक कल्पना निघते. गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण असते, कारण शून्य अनंतावर धरलंय आणि आपण सगळे त्याच्या खाली आहोत, आणि द्रव्याची ऊर्जा धन. दोन्ही सारख्याच मापाच्या असतील तर बेरीज शून्य? १९७३ मध्ये एडवर्ड ट्रायन यांनी हेच सुचवलं, की विश्व तयार व्हायला काही भांडवल लागलंच नसेल. अडचण अशी की आइन्स्टाइनच्या सिद्धांतात अख्ख्या विश्वाची एकूण ऊर्जा ही गोष्ट नीट मांडताच येत नाही. एमी नोदर यांनी १९१८ मध्ये सिद्ध केलं की ऊर्जा टिकते ती निसर्गाचे नियम काल, आज, उद्या सारखे राहतात म्हणून, आणि प्रसरण पावणारं विश्व तर रोज बदलतंय. लांबून येणारा प्रकाश वाटेत ताणला जाऊन ऊर्जा गमावतो, ती कुठल्या खात्यात जमा झाली असं विचारून उपयोग नसतो.

म्हणून मला वाटतं बेरजेचा नाद सोडून पुन्हा मानसाच्या दाराकडे यावं. अख्खा आकडा किती हे सोडा, फरक किती तेवढं विचारा. आणि याचं उत्तर माणसाने खरोखर मोजलंय!

मोजायचं साधन म्हणजे प्रकाश आणि घड्याळ. खोल जागेतून वर चढणारा प्रकाश थोडी ऊर्जा गमावतो, आणि खोल जागेतलं घड्याळ थोडं हळू चालतं, या एकाच नाण्याच्या दोन बाजू. १९६० साली पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डच्या एका इमारतीत साडेबावीस मीटर उंचीवर हे पकडलं, म्हणजे आपल्या माडाहून थोडंसंच उंच. सत्तरीतल्या सोसोगडावर एक अणुघड्याळ ठेवलं आणि एक मिरामारला, तर हजार मीटरमागे दिवसाला साधारण साडेनऊ नॅनोसेकंद या हिशेबाने वरचं पुढे जाईल. जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळं तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून ती सोडायच्या आधीच तेवढी हळू लावून ठेवतात. म्हापशात रस्ता शोधताना फोन जो निळा ठिपका दाखवतो त्यात स्थितिज ऊर्जेचा हा हिशेब आधीच झालेला असतो.

हीच युक्ती विश्वाला लावायची. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी सुटलेला प्रकाश आज सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतोय. जिथे द्रव्य जरा दाट होतं तिथला प्रकाश खोलातून वर चढून आला, त्यामुळे जास्त ऊर्जा गमावून, जरा थंड होऊन पोचला. साक्स आणि वोल्फ यांनी हे १९६७ मध्ये कागदावर मांडलं, १९९२ मध्ये कोबी उपग्रहाच्या मोजमापात ते दिसलं आणि नंतर प्लँक उपग्रहाने फार बारीक नकाशा केला. तो लाल-निळ्या ठिपक्यांचा अंडाकृती नकाशा तुम्ही बघितला असेल. मोठ्या अंतरांच्या बाबतीत तो विश्वाच्या चढ-उतारांचाच नकाशा आहे. तापमानातला फरक लाखात एक, एवढाच. पेट्रोलच्या मापात आणायचं तर विश्वातल्या सगळ्यात मोठ्या टेकड्या आणि दऱ्यांमधला फरक किलोमागे काही दहा हजार लिटर. कुठे ते २७० कोटी लिटर आणि कुठे हे दहा हजार. आपली आकाशगंगाच साडेचार हजारांची, ती या चढ-उतारात अगदी सहज मावते. कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे असल्या फार घट्ट वस्तू सोडल्या तर विश्वात तुम्ही कुठेही जाऊन राहिलात तरी तुमच्या जागेची किंमत जवळजवळ सारखीच! घड्याळातही लाखात काही भागांचाच फरक पडेल.

एक राहिलं. मघाशी मी शून्य अनंतावर धरलं, तसंच सगळी पुस्तकं धरतात, पण १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, मोजमापातून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, आणि त्याने हे शून्यच हललं. ज्याला डार्क एनर्जी म्हणतात ती दूर ढकलते, आणि तिचा जोर अंतराबरोबर वाढतो, गुरुत्वाकर्षणाचा कमी होतो. म्हणजे चढ अनंतापर्यंत जातच नाही. अनमोड घाट चढताना एक ठिकाणी माथा येतो आणि पुढे रस्ता दुसरीकडे उतरायला लागतो, तसा इथेही माथा आहे. आकाशगंगा, तिची मोठी शेजारीण देवयानी (अँड्रोमेडा) आणि आजूबाजूच्या छोट्या दीर्घिका मिळून जो आपला गट आहे त्याच्यासाठी तो माथा साधारण पन्नास लाख प्रकाशवर्षांच्या आसपास येतो. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, माथ्याच्या अलीकडे, म्हणून ती सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने आपल्याकडे येतेय (थेट टक्कर होईलच असं मात्र आता पूर्वीइतकं ठामपणे म्हणत नाहीत). दुर्बिणीतून ती धुरकट दिसते, पाऊस गेल्यावर आभाळ मोकळं झालं की जरूर बघा. कन्या (व्हर्गो) हा दीर्घिकांचा समूह पाच कोटी प्रकाशवर्षांहून लांब, माथ्याच्या पलीकडे, तो सेकंदाला हजारएक किलोमीटरने लांब जातोय आणि परत येणार नाही. नारळ माथ्यापर्यंत पोचवला की पुढे एक थेंबही पेट्रोल लागत नाही, तो आपसूक दूर जातो.

हा माथा कायमचा एकाच जागी आहे का, हा सध्याचा सगळ्यात गरम प्रश्न. अ‍ॅरिझोनात डेसी नावाचं यंत्र लाखो दीर्घिकांची अंतरं मोजतंय आणि २०२४ आणि २०२५ मध्ये आलेल्या निकालांत असे संकेत आहेत की डार्क एनर्जी काळाबरोबर कमी होत असावी. पक्कं म्हणावं इतका पुरावा अजून नाही. पण तसं असेल तर माथा बाहेर सरकत जाईल, घनमूळाच्या हिशेबाने, म्हणजे डार्क एनर्जी एक अष्टमांश झाली की माथा दुप्पट अंतरावर. मग आज त्याच्या जरा पलीकडे असलेल्या दीर्घिकांपैकी ज्यांचा वेग फार नाही अशा काही अलीकडे सापडतील, आणि त्या पुन्हा आपल्या दिशेने पडायला लागू शकतील.